लोखंडी सून आणि तेलाचे दोन थेंब

कोकंदच्या जुन्या बाजारामागे लोहारांची गल्ली संपते, तिथे सोत्वोल्दी उस्ताचं, म्हणजे उस्तादाचं, लेथचं दुकान होतं. सोत्वोल्दी म्हणजे ‘विकत घेतलेला’. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मल्याबरोबर आईने त्याला खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं, आणि शेजारणीने दाराने आत येऊन त्याला परत विकलं. किंमत एक परात कोंडा. मृत्यू चौकशीला आलाच तर त्याला वाटावं की हे मूल या घरचं नव्हेच, बाहेरून आणलेला माल आहे. युक्ती लागू पडली आणि सोत्वोल्दीने साठी ओलांडली. पण गल्लीला जन्माची थट्टा मिळाली. त्याच्या हातून काही चुकलं की लोक म्हणायचे, एक परात कोंड्यात याहून काय मिळणार. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. कुणी परदेशी यंत्राचं कौतुक करू लागलं की तो स्वतःच म्हणायचा, “मीही बाहेरचाच माल आहे. फक्त शिक्का नाही.”

कागद-पेन्सिलीशी त्याचं कधी जमलं नाही. त्याची सगळी मापं दोरीवर असायची. यंत्र समोर आलं की तो खिशातून दोरी काढायचा, लांबी धरायचा आणि गाठ मारायचा. जाडीला एक प्रकारची गाठ, व्यासाला दुसरी. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना अशा शे-दीडशे दोऱ्या लटकत असत. एकीत पोलंडच्या शिवणयंत्राचा दांडा होता, एकीत जपानी पंपाची चकती, एकीत जर्मन खिमायंत्राचा मळसूत्री भाग. दुकानात नवा येणारा माणूस विचारायचा, इथे जाळी विणता का. जुनं गिऱ्हाईक फक्त तुटलेला तुकडा टेबलावर ठेवून बाजारात जायचं आणि परत येताना तसाच दुसरा घेऊन जायचं. ही चोरी आहे असं कुणाच्या मनात येत नसे. जिथे रेशमाचे किडेसुद्धा कुण्या नवरीने केसांच्या गंगावनात लपवून आणले असं आज्या सांगतात, आणि त्या किड्यांवर अख्खं खोरं जेवतं, तिथे एका चकतीचं काय.

मात्र एक नियम तो पाळायचा. तो त्याला त्याच्या गुरूने, मिर्झाओलिम उस्ताने घालून दिला होता. तरुणपणी सोत्वोल्दी गावाबाहेरच्या लोणच्यांच्या कारखान्यात मिर्झाओलिमच्या हाताखाली होता. मिर्झाओलिम दोन गोष्टी सांगायचा. पहिली, उस्ताला ‘का’ विचारायचं नाही. तो करतो तसं करायचं, अर्थ मागाहून कळतो. दुसरी, ज्याच्याकडून हुन्नर घेतला त्याचा फातिहा घेतल्याशिवाय त्या हुन्नरावर पोट भरायचं नाही. शिष्याने उस्ताच्या खांद्यावर नवा चपान, म्हणजे आपला रुईभरला लांब झगा घालायचा, पुढ्यात दोन नान ठेवायचे, आणि उस्ताने हात वर करून आशीर्वाद द्यायचा. त्याविना हात चालतो, पण बरकत येत नाही.

मॉस्कोचं संघराज्य मोडलं तसा कारखानाही बसला. भिंती उरल्या, आतलं सामान वजनावर गेलं. राहिलं फक्त कोबी कापायचं एक यंत्र. ते कधीकाळी हंगेरीहून आलेलं, बिडाच्या सांगाड्याचं, आणि फरशीत असं पक्कं बसवलेलं की भंगारवालेही हात टेकून गेले. सोत्वोल्दीच्या मनात ते यंत्र फार दिवस घोळत होतं. इथे लग्न म्हटलं की पहाटे पाचशे माणसांचा पुलाव, आणि पुलाव म्हटला की पोत्यांनी पिवळी गाजरं, काडीसारखी लांब चिरलेली. कोबी कापणारं यंत्र गाजराच्या काड्या का पाडणार नाही? त्याने रखवालदाराला चहा पाजून कुलूप उघडवलं आणि सहा दिवस त्या यंत्राभोवती दोऱ्या घेऊन फिरला.

सातव्या दिवशी कारखान्याच्या आवारातल्या जर्दाळूंसाठी मुहर्रम-ओपा तिथे आली. ही एकेकाळी लोणचे-विभागाची मुख्य होती. तिचा आवाज अजूनही तीनशे बायकांना पुरेल असा होता, आणि आता तो एकट्या मोहल्ल्याला ऐकावा लागत असे. ओपा म्हणजे ताई. तिला सगळेच ओपा म्हणत, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. आत डोकावून बघते तर यंत्राच्या खांद्यावर नवाकोरा चपान, समोर फडक्यावर दोन नान, आणि सोत्वोल्दी गुडघे टेकून बसलेला.

“काय चाललंय हे?”

“फातिहा घेतोय, ओपा.”

“यंत्राकडून?”

“मग कुणाकडून? बनवणाऱ्यांचा पत्ता नाही, आणि असता तरी ते मला कुठे ओळखतात. शिकवलं तर यानेच.”

मुहर्रम-ओपाने यंत्राला एक फेरी मारली. चपानाचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

“आणि आशीर्वाद देणार कसा हा? याला तोंड आहे?”

सोत्वोल्दीने यावर विचार केला नव्हता. तेव्हा ओपाने जर्दाळूंची टोपली खाली ठेवली, यंत्राशेजारी उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि यंत्राच्या वतीने आशीर्वाद दिला: हात चालो, बरकत येवो, बोटं शाबूत राहोत, आमीन. मग एक नान उचलून टोपलीत टाकला. यंत्र दोन खाणार नाही, असं तिचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र सोत्वोल्दीला उलगडली नव्हती. त्या यंत्राच्या सांगाड्यात डाव्या अंगाला वर, फिरत्या चकतीच्या बरोबर माथ्यावर, बोटभर जाडीचं एक भोक होतं. तिथे ना खिळा, ना दांडा, ना स्क्रू. तो त्याच्याकडे तीन दिवस बघत बसला होता. आत काडी घालून पाहिली, तोंड लावून फुंकून पाहिलं. काही अर्थ लागेना. पण उस्ताला ‘का’ विचारायचं नाही. उस्ताने भोक ठेवलं, तर भोक पाडायचं. त्याने दोरीवर भोकाचीही एक गाठ मारली.

पहिलं यंत्र जमायला तीन महिने गेले. कोबीची पाती गाजराचा कीस पाडत होती, आणि किसाचा पुलाव कोकंदमध्ये कुणी खात नाही, तोंडावर मारतात. शेवटी भंगारातल्या मालगाडीच्या कमानपट्ट्यांची पाती करून, ती तिरपी बसवून, त्याने काडी पाडली. लांब, सरळ, एकसारखी. आणि वर डावीकडे भोक.

गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हे कशाला? माहीत नाही म्हणायची सोत्वोल्दीला लाज वाटे. म्हणून त्याने त्यात दोऱ्याने एक निळा मणी आणि एक वाळकी मिरची अडकवून दिली. “नजर लागू नये म्हणून.” लोकांना ते पटलं. पुढेपुढे त्याला स्वतःलाही पटत आलं. हळूहळू ती त्याची खूणच झाली: भोक आहे, मणी आहे, म्हणजे सोत्वोल्दीचं यंत्र.

मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शेजारपाजारचे पुरुष सुऱ्या घेऊन जमतात, मधे गाजरांचा ढीग, आणि चिरता चिरता गावभरच्या भानगडी बारीक होतात. गाजरं यंत्राने कापली तर गप्पा कशाने कापायच्या, असा त्यांचा सवाल. पण एकदा एका घरी यंत्र आलं, दोन पोती तासाभरात संपली, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की आता हात मोकळे आहेत, म्हणजे गप्पा दुप्पट. मुहर्रम-ओपाने यंत्राचं बारसं केलं: लोखंडी सून. दिवसभर राबते, जेवत नाही, उलटून बोलत नाही. सोत्वोल्दीची बायको सबोहत म्हणाली, “आणि माहेरीही जात नाही.” वर्षभरात खोऱ्यातल्या तीन गावांत लोखंडी सुना नांदायला गेल्या.

अशात तोलिबजोन दुकानात आला. हा पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. पगार पुरेना, तेव्हा मुलांना नकाशावर काठीने दाखवायचा तो चीनमधल्या उरुमचीचा रस्ता त्याने स्वतःच धरला, आणि चिनी मालाचा व्यापारी झाला. तोलिब म्हणजे विद्यार्थी, आणि शिकण्याची त्याला खरंच हौस होती. त्याने यंत्र फिरवून पाहिलं, पाती पाहिली, भोकात बोट घालून पाहिलं, आणि अंदिजानच्या मावशीसाठी म्हणून एक विकत घेतलं. मणी मात्र नको म्हणाला. मावशीचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

दीड वर्षाने बाजारात लोखंडी सूनबाईंच्या धाकट्या जावा आल्या. चकचकीत स्टेनलेसच्या, लाल मुठीच्या, खोक्यात घातलेल्या, सोबत छापील पत्रक. सोत्वोल्दी पाहायला गेला. मूठ सोडून सगळं तेच: पातीचा तिरपेपणा तोच, काडी तीच. वर डावीकडे भोकही तेच, फक्त त्याला पितळी कडं बसवलेलं. सबोहतला वाटलं आता हा तोलिबजोनच्या दुकानावर दगड मारील. तो चहा पीत म्हणाला, “मावशी उरुमचीला राहते वाटतं.” मनातून त्याला थोडी ऐटही आली होती. कोकंदच्या गल्लीतली वस्तू चीनने उचलावी, ही काय रोजची गोष्ट आहे?

ही ऐट आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी रोझिमत आचारी दुकानात शिरला. हजार-हजार माणसांचा पुलाव रांधणारा हा माणूस, पोटाने आणि तोंडाने सारखाच मोठा. तो आला तोच म्हणाला की सोत्वोल्दीने त्याची अब्रू घेतली. कालच्या लग्नात सहाशे माणसं जेवायला बसली आणि पहिल्या घासालाच एका म्हाताऱ्याने विचारलं की आज पुलाव ट्रॅक्टरवर शिजवला काय.

सोत्वोल्दीने त्याला चहा दिला आणि हळूहळू विचारून घेतलं. यंत्र कुणाचं? तोलिबजोनकडचं, नवं. पण आहे तर तुझंच की, गाव म्हणतंय सोत्वोल्दीचं यंत्र. मग वापरलंस कसं? रोझिमतने खिशातून पत्रक काढलं. तो शिकलेला आचारी होता, वाचून वागणारा. सोत्वोल्दीने चष्मा लावला. चौथ्या कलमात यंत्राचं चित्र होतं, भोकाकडे एक बाण होता, आणि बाणाखाली लिहिलं होतं: ‘वंगणाचे छिद्र. रोज सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी यात तेलाचे दोन थेंब सोडावेत.’

“तू सोडलेस?”

“रोज सोडतो. काल मोठं लग्न होतं, म्हणून चार सोडले.”

सोत्वोल्दीचे खांदे हलू लागले. हसू दाबता दाबता चहा नाकात गेला, आणि सबोहत आतून धावत आली. ते भोक कशातच जात नव्हतं. तेल घातलं की ते सरळ खाली, फिरत्या चकतीवर आणि तिथून गाजरांवर. उरुमचीच्या कुणा शहाण्या माणसाने बिचाऱ्याने तेच केलं होतं जे सोत्वोल्दीने केलं होतं. भोकाचा अर्थ लागेना, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. सोत्वोल्दीने मणी लावला, त्याने तेल.

पण हसणं दुपारपर्यंतच. दुपारी टपालाने कागद आला. तोलिबजोनने या यंत्राची आपल्या नावाने ताश्कंदला नोंद केली होती. कागदावर शिक्का होता. सोत्वोल्दीने महिन्याच्या आत यंत्र बनवणं बंद करावं. हरकत असेल तर पुढच्या बुधवारी अधिकारी कोकंदला येईल, त्याच्यापुढे पुरावा द्यावा.

सोत्वोल्दीने कागद दोनदा वाचला. ज्याने चोरलं त्याच्याकडे शिक्का, आणि ज्याचं चोरलं त्याच्याकडे भिंतभर दोऱ्या. लेथवर दुसरं कामही होतंच, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण उद्या तो आपलंच यंत्र बनवताना चोर ठरणार होता, आणि वर तेलकट पुलावाचं खापरही त्याच्याच डोक्यावर. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोराचा उलटा शिक्का तो प्रथमच पाहत होता.

मुहर्रम-ओपाला कागद दाखवला तर ती खुशीत आली. “पुरावा तर पत्रकातच छापलाय त्याने. ते भोक कशाचं हे जगात एका तुलाच माहीत आहे. मणी लाव, दाखव, घरी ये.”

सोत्वोल्दी तोंडदेखलं हो म्हणाला. ते भोक कशाचं हे जगात त्यालाही माहीत नव्हतं. ते त्याचं नव्हतंच. ते हंगेरीवाल्याचं. कुणी तो कारखाना उघडला, तर ज्या भोकात तोलिबजोनला अडकवायचं त्यातच तो स्वतः अडकणार. त्याने हे ओपाला सांगितलं नाही. सबोहतलाही नाही. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, असं म्हणत त्याने आठवडा काढला. पण या खेपेला मोडून खाण्याची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी मोहल्ल्याच्या कचेरीच्या अंगणात, तुतीखाली मंडळी जमली. अधिकारी एल्मुरोद नावाचा, बारीक, शांत, सारखा चष्मा पुसणारा. त्याच्यापुढे दोन यंत्रं ठेवली होती, एक काळं, एक चकचकीत. सोत्वोल्दीने पुराव्यादाखल दोऱ्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने त्यातली एक उचलली, गाठी मोजल्या आणि अदबीने परत ठेवली.

मग रोझिमतने ट्रॅक्टरवरच्या पुलावाची हकीकत सांगितली, आणि तिला अर्थातच मीठमसाला लावला. सोत्वोल्दीने मणी आणि मिरची आपल्या यंत्राच्या भोकात अडकवून दाखवली. मग तीच मिरची चकचकीत यंत्राच्या पितळी कड्यात अडकवून दाखवली. नेमकी बसली. अंगणात हशा पिकला. अधिकाऱ्यानेही चष्मा पुसला.

तोलिबजोन हसला नाही. त्याने फाटकाकडे हात केला. दोन माणसांनी एक गाढवगाडी आत ओढली. गाडीवर बिडाचं जुनं यंत्र होतं, खालचे बोल्ट करवतीने कापलेले, अंगावर कबुतरांची विष्ठा. सोत्वोल्दीने ते ओळखलं. उस्ताला अशा अवस्थेत गावासमोर आणलेलं बघून त्याला भोकाच्या आधी चपान आठवला. तो आता कुठे असेल?

“उस्ता,” तोलिबजोन मास्तरकीच्या सुरात म्हणाला, “माझं तुमच्यावरून, हे कबूल. आता वर्गाला सांगा, तुमचं कशावरून?” आणि त्याने यंत्राच्या डाव्या अंगावरची धूळ बाहीने पुसली. भोक दिसलं. “हंगेरीतही मण्यांची फॅशन होती का?”

अधिकारी उठला, भोकातून आरपार पाहिलं आणि सोत्वोल्दीकडे वळला.

“उस्ता, हे छिद्र तुमचं का?”

हो म्हणता आलं असतं. मीच कारखान्यात असताना पाडलं, असं म्हणता आलं असतं, आणि खोटं पाडायला तिथे कोण होतं. पण ज्याच्या पुढ्यात नान ठेवले त्याच्यासमोर उभं राहून खोटं बोलायला सोत्वोल्दीची जीभ रेटेना.

“नाही,” तो म्हणाला. “माझं नाही. त्याला होतं म्हणून मी पाडलं. कशासाठी आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. मणी मी लाजेपोटी लावला.”

“म्हणजे तुम्हीही नक्कलच केलीत. परवानगी घेतली होती?”

“मालकाची नाही. उस्ताची घेतली.” आणि त्याने चपानाची आणि दोन नानांची गोष्ट सांगितली, खाली बघत.

“मी साक्षीदार आहे,” मागून मुहर्रम-ओपाचा आवाज आला. “यंत्राने नाही म्हटलं नाही.”

ती पुढे आली ती सरळ गाडीवर चढली. जुन्या यंत्राच्या भोकात बोट घातलं, आणि तिचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग हसण्याने. लोकांना वाटलं बाईला उन्हाचं काही झालं.

“अरे कोंड्या,” ती सोत्वोल्दीला म्हणाली, “हे हंगेरीचं नाही. हे तुझ्या मिर्झाओलिमचं. त्या दिवशी चपानाखाली झाकलं होतं, म्हणून दिसलं नाही. त्याची चहाची किटली आठवते? निळी, तुटक्या नळीची?”

सोत्वोल्दीला किटली आठवत होती. मिर्झाओलिमच्या हातात ती नसली म्हणजे तो झोपलाय असं समजत.

“तू कारखाना सोडलास त्यानंतरची गोष्ट. पाळीभर उठून चहाला जायला नको म्हणून त्याने माझ्या यंत्राला भोक पाडलं, आकडा घातला आणि किटली टांगली. मी सुट्टीवर होते. परत आले तो दिवस मला मरेपर्यंत आठवेल. किटली कलंडून कोबीत गेली आणि चाळीस पिंपं लोणचं हिरव्या चहाचं झालं. मॉस्कोहून पत्र आलं, ही नवी चव कुठली म्हणून. आकडा मी स्वतः उपटून फेकला. भोक काही उपटता येईना.” तिने अधिकाऱ्याकडे बघितलं. “तू त्यावेळी जन्मलाही नसशील. मला सरकारी मालमत्तेच्या नासाडीबद्दल सगळ्यांसमोर बोलणी बसली. मी ते भोक ओळखणार नाही?”

आधी रोझिमत हसला, आणि तो हसला की तुतीची फांदी हलते. मग सगळं अंगण. सोत्वोल्दी मात्र हसला नाही. तीन वर्षं तो ज्या उस्तापुढे ‘का’ न विचारता भोकं पाडत आला, तो हंगेरीचा कुणी पंडित नव्हता. तो त्याचाच म्हातारा होता, आणि ‘का’चं उत्तर होतं चहा. अर्थ मागाहून कळतो, असं तो म्हणायचा. खोटं नव्हतं म्हणायचं.

अधिकाऱ्याने मात्र खिशातून नोंदीचा कागद काढला होता आणि तो एकटाच वाचत होता. वाचता वाचता त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

“तोलिबजोन-अका,” तो दादा म्हणावं तशा अदबीने म्हणाला, “हंगेरीच्या यंत्राचे हक्क कधीच संपले. ते कुणीही बनवावं. तुम्ही नोंद करताना लिहिलंय की चकती, पाती, मूठ हे सगळं पूर्वीपासून माहीत आहे. मग तुमचं नवीन काय, या रकान्यात एकच गोष्ट आहे.” त्याने कागद लांब धरला. “खास वंगणाचे छिद्र.”

भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा टांगला गेल्यावर मास्तरचं होतं तसं तोलिबजोनचं झालं.

“आणि ते छिद्र,” अधिकारी पुढे म्हणाला, “या बाईंच्या सांगण्याप्रमाणे पैगंबरवासी मिर्झाओलिम यांच्या किटलीचं आहे. मी असं लिहितो की यात नवीन काही नाही. नोंद रद्द करण्याची शिफारस. दोघेही बनवा, दोघेही विका.” मग चष्मा पुसत, जरा खाजगी आवाजात, “तेल तेवढं घालू नका.”

इथे सगळं मिटलं असतं. पण मुहर्रम-ओपा गाडीवरून खाली उतरायला तयार नव्हती. सरकारचं झालं, आता मोहल्ल्याचं, असं ती म्हणाली. तोलिबजोनने विकावं, खुशाल विकावं, पण हुन्नर फुकट घेऊन नाही. इतकी माणसं हसली त्यात तिला त्याचा फातिहा कुठे दिसला नाही. म्हाताऱ्यांनी दाढ्या हलवल्या. तोलिबजोन तसा कोकंदचाच पोरगा. त्याला पैशाचा दंड झाला असता तर तो भांडला असता. यावर भांडता येईना.

शुक्रवारी नमाजानंतर तो सोत्वोल्दीच्या दुकानात आला. हातात दोन नान, खाकेत नवा चपान. जुनं यंत्र आता दुकानात दारापाशीच उभं होतं, धुऊन पुसून. तोलिबजोन उस्तासमोर गुडघ्यावर बसला. सोत्वोल्दीने त्याला हाताने थांबवलं.

“रांग आहे. आधी त्याला.”

“यंत्राला?”

“तो माझा उस्ता. म्हणजे तुझा आजा-उस्ता.”

तोलिबजोनने दाराकडे पाहिलं. गल्लीतली निम्मी माणसं तिथे उभी होती, रोझिमत सर्वांत पुढे. तो निमूटपणे उठला आणि चपान यंत्राच्या खांद्यावर घातला. मुहर्रम-ओपाने पूर्वीसारखाच यंत्राच्या वतीने आशीर्वाद दिला, आणि त्यात एक वाक्य वाढवलं: आणि पत्रकं नीट छापो. एक नान तिने उचललाच. मग तोलिबजोनने तोच चपान काढून उस्ताच्या खांद्यावर घातला. सोत्वोल्दीने दोन्ही हात वर केले. आशीर्वादाचे शब्द त्याला आठवून आठवून म्हणावे लागले, कारण मिर्झाओलिम गेल्यापासून त्या घराण्यात फातिहा देण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याला वाटायचं, आपल्याकडे आपलं म्हणून काय आहे की कुणी ते मागायला येईल.

माणसं पांगली. तोलिबजोन चहा पिऊन गेला. जाताना हळूच विचारून गेला, भोक ठेवायचं की बुजवायचं. सोत्वोल्दी म्हणाला, ठेव, उस्ताने ठेवलंय. आता का ते विचारू नको, माहीत आहे.

सबोहतने चपान उजेडात धरला. हिरवा, आत रुई, वरून दाट धावदोऱ्याची नक्षी, अगदी खोऱ्यातल्या नामंगानच्या बायका हाताने घालतात तशी.

“भारी शिवण आहे हो,” ती म्हणाली. “पण इतकी सारखी? माणसाचा हात कुठेतरी चुकतो.” तिने आतली बाजू उलटली. बगलेत एक चिंधी शिवलेली होती, तिच्यावर चिनी अक्षरं.

सोत्वोल्दीने चष्मा लावला. टाक्यावरून अंगठा फिरवला. एका टाक्यात किती दोरा, दोन टाक्यांत किती अंतर, आतली सुई खालून येते की वरून. मग त्याने सबोहतकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं, आणि खिशातून दोरी काढून पहिली गाठ मारली.